दोरीचं दुसरं टोक

खो-खो बघायला शिकावा लागतो. कुस्तीत, कबड्डीत, क्रिकेटमध्ये डोळा जिथं जायला हवा तिथं आपसूक जातो. खो-खोत तो हमखास पळणारीच्या मागं धावतो आणि सामना मात्र बसलेल्या मुलींमध्ये चाललेला असतो. एक पाय पुढं, बोटं जमिनीला टेकलेली, मान सरळ, सगळं लक्ष पाठीमागून येणाऱ्या पावलांच्या आवाजाकडं. कुणाचं तोंड कुठल्या बाजूला आहे, कुणाला खो मिळणार असं दाखवून प्रत्यक्षात कुणाला मिळणार, यावर पळणारी टिकणार की बाद होणार हे ठरतं. हे मला कुठल्या प्रशिक्षकानं सांगितलं नाही, की पुस्तकात वाचायला मिळालं नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका कॉलेजच्या शिपायांनी ते मला शिकवलं. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचा मुलींचा अंतिम सामना मी पाहिला, तेव्हा डोळे माझे होते आणि नजर त्यांची होती. हे ऋण फेडता येण्यासारखं नाही. निदान ते लिहून ठेवावं एवढंच माझ्या हातात आहे.

प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नाव छापून आलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून मीही मामाच म्हणते. घंटा देणं, नोटिसा फिरवणं, ऑफिसातल्या माठात पाणी भरणं ही त्यांची पगाराची कामं. मैदान राखणं हे कुणी सांगितलेलं काम नव्हतं. ते त्यांनी स्वतः अंगावर घेतलं होतं आणि त्यात कुणाची ढवळाढवळ त्यांना खपत नसे.

गोष्ट 1990 च्या दशकातली आहे. सिंदफणा नदीवर धरण होऊन काही वर्षं झाली होती. कालव्याखालच्या शिवारात ऊस डुलत होता, तेलगावचा कारखाना चालत होता. पण आमच्यासारख्या कोरडवाहू घरांतली माणसं दिवाळी उरकली की कोयते बांधून बाहेर पडतच होती. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, तर पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला जावंच लागायचं. माझे आई-वडील त्यांतलेच. मी आजी-आजोबांजवळ गावात राहायचे आणि एसटीनं माजलगावला कॉलेजला यायचे. कॉलेज दुपारी सुटायचं, गावची गाडी संध्याकाळी. मधला वेळ कुठं काढायचा हा मुलीच्या जातीपुढं मोठा प्रश्न असतो. स्टँडवर बसावं तर नजरा, बाजारात फिरावं तर चर्चा. मी मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली पुस्तक उघडून बसायचे.

एका दुपारी मामा सुतळीचा गुंडा आणि फक्कीची बादली घेऊन आले. मैदान आखायला दोन माणसं लागतात आणि त्या दिवशी दुसरं माणूस आलेलं नव्हतं.

"ए बाई, हे टोक धर. ढिलं सोडू नको."

मी धरलं. मामा दुसऱ्या टोकाकडं गेले, दोरी ताणली, खाली वाकून एक डोळा मिटून पाहिलं आणि मला दोन बोटं डावीकडं सरकवलं. मग दोरीच्या कडेनं फक्की सोडत ते आले. रेघ अशी सरळ पडली, की मला तिच्यावर पाय द्यायचा धीर होईना. त्यांच्या दोरीला गाठी होत्या : एक तीन हातांवर, तिच्या पुढं चार हातांवर, तिच्या पुढं पाच हातांवर. ती दोरी तीन खुंट्यांभोवती ताणली की कोपरा बरोबर काटकोनात बसायचा. पायथागोरसचं प्रमेय शाळेत मी घोकून पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं, हे मला त्या मैदानावर कळलं. मामांना प्रमेयाचं नाव माहीत नव्हतं. गाठी त्यांनी एका गवंड्याकडून घेतल्या होत्या.

त्या दिवसापासून दोरीचं दुसरं टोक माझं झालं.

आमच्याकडची जमीन काळी. उन्हात भेगाळते, पावसात पायाला धरते. खो-खोला दोन्ही चालत नाही. मामांनी वरचा थर खरवडून मुरूम आणून टाकला होता. सामन्याच्या आधी ते संध्याकाळी पाणी शिंपडायचे, रोलर फिरवायचे आणि सकाळी चपला काढून अनवाणी सगळ्या मैदानावरून फिरायचे. आधी पाट्यांमधून, मग खांबांभोवती, मग कडेकडेनं. पायाला खडा लागला की वाकून उचलायचा आणि खिशात टाकायचा. मुली अनवाणी खेळायच्या. खांब तर ते स्वतः घासून गुळगुळीत करायचे. सूर मारणारी मुलगी सगळा भार घेऊन त्या खांबाला पकडते, लाकडाचं एक कुसळ राहिलं तरी तळहात फाटतो. खेळाडूंना हे काही दिसायचं नाही. त्यांना तयार मैदान दिसायचं. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. तिथं पोरांना खेळायला सोडण्याआधी मैदानावरून अनवाणी फिरायची सवय मला लागली, ती मामांमुळं.

आणि खेळ पाहणं. सराव चालू असला की मामा माझ्या शेजारी उकिडवे बसायचे आणि अधूनमधून एखादं वाक्य टाकायचे.

"ती पळायलीय, तिला बघूच नको. बसलेली बघ."

बसलेल्या मुली बघून मला काय कळणार, असं वाटायचं. हळूहळू कळू लागलं. खो-खोचा नियम मोठा न्यारा आहे. पळणारीला सगळं मैदान मोकळं, बसलेल्यांच्या मधून ती नागमोडी हवं तसं जाऊ शकते. पाठलाग करणारीनं मात्र एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं फिरायचं नाही, खांद्यानंसुद्धा मागं वळायचं नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. पकडणारी अशी बांधलेली आणि पळणारी मोकळी. पकडणारीची सुटका एकाच गोष्टीत आहे : आपला वेग, आपली जागा, आपली संधी दुसरीच्या हाती देणं. पाठीला हात लावून "खो" म्हणायचं आणि तिच्या जागी आपण खाली बसायचं. मामा म्हणायचे, "पळून कुणी गडी मारत नाही. बसून मारतात." आक्रमक खांबाकडं सुसाट निघाली की माझी नजर तिच्यासोबत जायची. मामांचं बोट मात्र पलीकडच्या चौकातल्या मुलीच्या टाचेवर असायचं. टाच उचललेली असायची. पुढच्या क्षणाला तिलाच खो मिळायचा आणि पळणारी आयती तिच्या पुढ्यात यायची. असं दहादा झाल्यावर टाच बघायची मलाही सवय लागली.

साखळी म्हणजे काय, हूल कशी देतात, खांबाजवळ थांबून पळणारी श्वास कसा घेते, एकाच तुकडीतल्या तिघींपैकी दमदार मुलगी शेवटी का ठेवतात, हे सगळं असंच तुकड्यातुकड्यानं मिळालं. मी कधी खेळले नाही. माझ्यात तो वेग नव्हता. मामांना त्याचं काही वाटत नसे. खेळाला बघणारं माणूस लागतं आणि ते चांगलं असलं पाहिजे, असं ते मानत.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडं ठरल्या, तेव्हा पेच आला. सामने उशिरापर्यंत चालणार, शेवटची गाडी चुकणार. आजोबा परवानगी देणार नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलंही नाही. मामांनी माझा चेहरा पाहिला असावा. रविवारी ते सायकलवर आमच्या गावी आले. आजोबांशी पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं, कोयत्यावर गेलेल्यांचं बोलले. चहा झाला. उठताना म्हणाले, "काका, पोरगी मैदानावर असती तेव्हा माझ्या नजरेखाली असती. गाडीत बसवून देणं माझ्याकडं." आजोबा काही बोलले नाहीत, मान हलवली. त्यांनी मला त्यानंतर कधी अडवलं नाही. मामा खरंच गाडी लागायच्या आधी स्टँडवर जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. गर्दी ओसरेपर्यंत खाली उभे राहायचे आणि गाडी हलली की सायकल वळवायचे. या रुमालाचं मोल मला पुढं कळलं. त्याच्यामुळं माझं कॉलेज सुटलं नाही. आमच्या वर्गातल्या किती मुलींचं शिक्षण "उशीर होतो" या दोन शब्दांपाशी थांबलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या मुली आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडचा एक संघ यांच्यात झाला. उस्मानाबाद, आजचं धाराशिव, म्हणजे मराठवाड्यातलं खो-खोचं घर. पुढं त्याच मातीतली सारिका काळे 2016 च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आली आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या दिवशी आमच्यापुढं उभ्या राहिलेल्या मुलींची घडण तशीच होती. आमच्या संघातल्या काहींचे आई-वडील तेव्हा फडात होते. सगळं माजलगाव मैदानाभोवती लोटलं होतं, भिंतीवर पोरं, गच्चीवर बाया. मी गुणपत्रकाच्या टेबलाजवळ बसले होते, मामा पाण्याच्या पिंपाशी उभे.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. आमची शेवटची मुलगी पळत होती. ओरडा एवढा, की शिट्टी ऐकू येईना. सगळे तिच्याकडं बघत होते. मी तिसऱ्या चौकातल्या मुलीकडं बघत होते, तिची टाच वर होती. मला आधीच कळलं होतं. खो मिळाला, ती उठली, दोन पावलं, आणि हात. आम्ही एका गुणानं हरलो.

आमच्या मुली रडत होत्या. मामांनी पाण्याचे ग्लास भरले आणि ते आधी पाहुण्या मुलींकडं गेले. मग आमच्याकडं आले. मला म्हणाले, "तिसरीची टाच बघितलीस ना?" मी हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू आम्ही जिंकलो होतो.

पुढं नोकरी, लग्न, बदल्या. मामा निवृत्त झाले, गावाकडं गेले. मी सणावाराला भेटायला जायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी नजर पहिल्यासारखी राहिली नाही. टीव्हीवरचा पळणारा माणूस त्यांना फक्त हलताना दिसतो.

जानेवारी 2025 मध्ये विश्वचषकासाठी भारताचे संघ जाहीर झाले आणि मुलींच्या संघाची कर्णधार म्हणून प्रियांका इंगळेचं नाव आलं. आमच्याच बीड जिल्ह्यातल्या, केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची लेक. वाढली, खेळली पुण्याकडं, पण मूळ गाव इथलं. ऊसतोडीचा आणि दुष्काळाचा जिल्हा म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेल्या बीडनं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे दिला, पाटोद्याचा कुस्तीगीर राहुल आवारे दिला. आता ही. मी फोन केला. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू जा. आणि नीट बघून ये."

मी लेकीला घेऊन निघाले. संक्रांत होऊन गेली होती. परभणीहून सचखंड एक्सप्रेस धरली. दिल्लीची थंडी आमच्या हाडांना नवी होती. पण स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं आणि थंडी विसरले. झगझगीत दिवे, मोठे पडदे, लांबरुंद मॅट आणि त्यावर छापल्यासारख्या रेषा. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाला नियमांत बांधलं. दोन खांब, एक दोरी आणि मूठभर फक्की एवढ्यावर तो खेडोपाडी पोचला. त्यासाठी आता वीसहून जास्त देशांचे संघ एका ठिकाणी आले होते. छाती भरून येणं म्हणजे काय, ते मला तिथं उभं राहून कळलं.

मी तिथूनच मामांना फोन लावला.

"मैदान कसंय?"

"मॅट आहे मामा. पोरी बूट घालून खेळतात."

"मग खडा लागत नसंल." आवाजात खरा आनंद होता. "बरं झालं."

सामन्याची रचना नवी होती. बाजूला सात-सात जणी, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, गडी बाद केला की दोन गुण, आणि पळणारी तुकडी तीन मिनिटांच्या पुढं टिकली तर तिच्या संघाला गुण. आमच्या वेळचा नऊ जणींचा खेळ संथ आणि खोल होता. हा वेगवान आहे. मला दोन्ही आवडतात, पण नऊ जणींच्या खेळात डाव रचायला जो अवकाश असतो, त्याची जागा वेग घेऊ शकत नाही असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या पाळीत भारतानं नेपाळविरुद्ध आक्रमण केलं. प्रियांका स्वतः पुढं होऊन एकापाठोपाठ एक गडी टिपत होती. सगळं स्टेडियम तिच्या नावानं घुमत होतं. मी बसलेल्यांकडं बघत होते. काय बसल्या होत्या त्या पोरी! पाठीचा कणा ताठ, टाच तयार, खो मिळताच उठण्यात एक क्षणही वाया नाही. पळणारी डावीकडं झुकली, तर उजवीकडं तोंड केलेलीला खो मिळत नव्हता. तो पुढच्या चौकात जात होता, जिथून वाट बंद होते. पाळी संपली तेव्हा फलकावर 34-0 होतं. शेजारच्या दिल्लीकर गृहस्थांनी विचारलं, तुम्ही पळणाऱ्यांकडं बघतच नाही का? मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत टाच दाखवली. पुढच्या पाळीपासून तेही बसलेल्यांकडं बघू लागले.

दुसऱ्या पाळीत नेपाळनं पाठलाग केला आणि 24 गुण घेतले. 35-24. हॉलमधला आवाज जरा खाली आला. माझ्या लेकीनं माझा हात घट्ट धरला. तिसऱ्या पाळीत भारताच्या आक्रमणानं सामना नेपाळच्या हातातून काढून घेतला, 73-24. आणि शेवटच्या पाळीत, जिंकणं जवळपास नक्की झालेलं असताना, कर्नाटकच्या चैत्रा बी हिच्या तुकडीनं जो टिकाव धरला, तो पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलेला सामनाही इतक्या मनापासून पळता येतो! शेवट 78-40. त्याच रात्री मुलांनीही नेपाळला 54-36 असं हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा. वेळापूरच्या रामजी कश्यपनं मारलेला आकाशीय सूर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण माझं मन मुलींच्या सामन्यातच राहिलं.

प्रियांकानं करंडक उचलला, तिरंगा खांद्यावर घेतला. माझ्या मनात आमच्या त्या संघातल्या मुली येत होत्या. एकीचं बारावीतच लग्न झालं, एक पुढच्याच हंगामात स्वतः कोयता घेऊन गेली, एक अंगणवाडीत आहे. त्यांच्यापैकी कुणी कमी पळत नव्हतं.

परतल्यावर पहिल्याच सुट्टीला मामांकडं गेले. त्यांच्या अंगणात बाजेवर बसून सगळा सामना पाळीपाळीनं सांगितला. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच थांबवून विचारायचे : खांबावर कोण होतं? पहिली तुकडी किती वेळ टिकली? कर्णधार बसली असताना कुठल्या चौकात होती? मी मोबाइलवर चित्रफीत लावून देऊ का म्हटलं, तर हातानं नको म्हणाले. "तू सांगायलीस ना."

मी 78-40 वर आले आणि थांबले. मामा सावरून बसले.

"नेपाळच्या पोरींचं सांग आता. चौतीस-शून्य झाल्यावर त्या कशा उतरल्या?"

मी सांगितलं, की दुसऱ्या पाळीत मैदानात येताना त्यांच्यापैकी एकीचीही मान खाली नव्हती. सामन्यातली सर्वोत्तम संरक्षक म्हणून त्यांच्याच मनमती धामीला गौरवलं.

"मनमती," मामांनी नाव दोनदा उच्चारून पाहिलं. "ती कशी पळत होती? साखळीत का खांबाजवळून?"

मी बाजेवरून खाली उतरले, अंगणातली एक काडी उचलली आणि मातीत चौक काढून दाखवू लागले.